रेघेपर्यंत रक्त

जिन्यात मी नळी उजेडात धरली. रक्त रेघेच्या खाली होतं.

अमरावतीच्या एका दवाखान्यात, कोविड वॉर्डात मी आया होते. शाळा चौथीपर्यंत. रक्ताचे नमुने लॅबमध्ये नेऊन देणं हे माझं काम. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून आधीच औषध असतं. रक्त रेघेपर्यंत भरलं तरच प्रमाण जमतं. नाहीतर रिपोर्टवर भरवसा नाही.

ही नळी तिवसा भागातल्या एका आजींची होती. त्यांचा फुलांचा मळा. ऑक्सिजन बरा होता, जेवणही जात होतं. डॉक्टर म्हणाले होते, सीआरपी आणि डी-डायमर चांगले आले तर आज सोडू. सीआरपीवरून अंगातली सूज कळते, डी-डायमरवरून रक्तात गुठळ्या होताहेत का त्याचा अंदाज येतो. माणूस हसतबोलत असतो तेव्हाही रक्तात बिघाड दिसू शकतो.

आजींची शीर सापडत नव्हती. सिस्टरनी तीनदा टोचलं, मग त्यांना कीव आली आणि आलं तेवढ्यावर थांबल्या. लॅबमध्ये त्या दिवशी ढीग होता. रेघ कुणी पाहिली असती, नसती.

मला बोलायची भीती वाटते. तरी परत गेले.

"सिस्टर, नळी कमी भरली."

"तू कधीपासून टेक्निशियन झाली वं?" त्या म्हणाल्या. पण नळी हातात घेऊन पाहिली आणि नवी नळी काढली.

आजी चिडल्या. "आणखी काहून टोचून राहिले? मी का म्हैस आहो, रोज पिळाले?"

मी हातमोज्यात कोमट पाणी भरलं, गाठ मारली आणि त्यांच्या मनगटाखाली धरलं. फुलं तोडून बोटं काळी पडली होती. मळ्यात काय लावलं ते विचारत राहिले. झेंडूवर आल्या तोवर शीर वर आली. एका टोचण्यात नळी रेघेपर्यंत भरली.

दोन्ही रिपोर्ट वाढलेले आले. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं, औषधं सुरू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑक्सिजन उतरला. त्या वॉर्डातच होत्या म्हणून लगेच ऑक्सिजन लावता आला.

पंधरा दिवसांनी आजी चालत बाहेर पडल्या. सगळ्यांना हात जोडले. मग माझ्याकडे बोट करून लेकाला म्हणाल्या, "हिनंच मले अडकवून ठेवलं."

खरंच होतं ते. कीव आली तर हात शेकावा, रक्त कमी घेऊ नये.