त्यांचा दुसरा आवाज

माझे यजमान सेनगाव तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मराठी शिकवायचे. आम्ही राहायला हिंगोलीत. हे सकाळी मोटारसायकलवर जायचे आणि संध्याकाळी यायचे. आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी कोणाशी बोलत थांबले तरी मला स्वयंपाकघरात कळायचं आणि मी चहाचं आधण ठेवायची. एका उन्हाळ्यात त्या आवाजात खरखर आली. आधी वाटलं, धूळ असेल, लग्नसराईतलं बर्फाचं पाणी असेल. गुळण्या झाल्या, काढे झाले. दिवाळी आली तरी खरखर जाईना, तेव्हा नांदेडला दाखवलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की स्वरयंत्राला कॅन्सर आहे आणि ते पूर्णच काढावं लागेल.

यांनी एवढंच विचारलं, "मग मी शिकवणार कसं?"

"सर, आधी जगायचं बघू," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी यांनी दवाखान्यातून मुलीला फोन लावला. ती परभणीला वसतिगृहात राहून शिकत होती. जेवलीस का, खोलीतला पंखा दुरुस्त झाला का, परीक्षा कधी आहे, असंच बोलत राहिले. नंतर ती मला म्हणाली, "आई, मला वाटलं होतं, बाबा काहीतरी सांगतील. ते तर पंख्याचंच विचारत बसले." पण तिने फोन ठेवू दिला नव्हता, आणि यांनीही ठेवला नव्हता.

ऑपरेशननंतर गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक राहिलं. श्वास तिथूनच यायचा आणि जायचा. त्यावर पातळ रुमाल बांधायचा, आंघोळीला पाणी आत जाणार नाही असं बघायचं, हे सगळं मी शिकले. पण मला जे कोणीच सांगितलं नव्हतं ते घरी आल्यावर समजलं. यांना फोडणीचा वास येत नव्हता. गरम चहावर फुंकर घालता येत नव्हती, कारण तोंडातून वारा यायचाच बंद झाला होता. पहिल्या दिवशी हे कप हातात धरून तसेच बसून राहिले. मग मी बशी पुढे सरकवली.

बोलणं पाटीवर होऊ लागलं. मुलांची काळी पाटी आणि पेन्सिल मीच दुकानातून आणली होती.

नांदेडच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, की स्वरयंत्र नसलं तरी माणूस बोलू शकतो. तोंडाने हवा गिळायची, अन्ननळीत अडवायची आणि ढेकरेसारखी वर आणून तिचेच शब्द करायचे. गळ्याला लावायचं एक यंत्रही त्यांनी दाखवलं. त्याचा आवाज भुंग्यासारखा यायचा. यांनी ते लावून पाहिलं, मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, "पहिलं शिकवा."

मग सुरू झालं. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी हे ओट्यावर बसून हवा गिळायचे. पा, टा, का. पा, टा, का. चिकाटी म्हटलं की मला पूर्वी काहीतरी तेजस्वी दिसायचं, शाळेच्या भिंतीवर लिहिलेल्या वाक्यासारखं. घरात पाहिली ती अशी नव्हती. तिच्यात पोट फुगायचं, कळा यायच्या, कधी खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. डोळ्यांतून पाणी यायचं, ते दुःखाचं की ओकारीचं हे मला ओळखता यायचं नाही. आणि एवढं होऊन आवाज निघायचा नाही.

सोबत म्हणून मीही शेजारी बसून हवा गिळायची. गंमत अशी, की मला ते आधी जमलं. एका संध्याकाळी माझ्या घशातून घोगरा, जाड "पा" निघाला. मी घाबरून तोंडावर हात ठेवला. यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "तुझं काय अडलंय?" आणि हसले. हसण्याचाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

माझी आई पुसेगावहून भेटायला आली, तेव्हा तिला ते बघवेना. "जावईबापू, जीव वाचला ना, बास झालं. काहून इतकी तकलीफ करून घेऊन राहिले?" असं म्हणून ती पदराने डोळे पुसू लागली.

मलाही तेच म्हणायचं होतं. आई गेल्यावर मी म्हटलं, "शाळेतून कोणी बोलवायला येऊन राहिलं का? कोणासाठी चाललंय हे?"

यांनी लिहिलं, "मला दुसरं काही येत नाही." मग ते तळहाताने पुसलं. पेन्सिल थांबली, पुन्हा चालली. "येत नाही असं नाही. आवडत नाही."

त्यानंतर मी विचारलं नाही.

हिवाळा सरता सरता पहिला शब्द आला. "काप." मी विळीवर बटाटे कापत होते. मला वाटलं बाहेरून कोणी बोललं. वळून पाहिलं तर हे माझ्याकडे बोट करून पुन्हा म्हणाले, "काप, काप." मी तशीच उठून यांच्यापुढे उभी राहिले. तो आवाज यांचा नव्हता. खोल विहिरीत दगड पडावा तसा होता. पण तो यांच्याकडून आला होता.

हळूहळू शब्द जोडले गेले. 'ह' मात्र काही केल्या निघेना. त्यामुळे यांना "हो" म्हणता यायचं नाही, त्याऐवजी "बरं" म्हणायचे. हिंगोलीचं इंगोली झालं. मुलगी सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "बाबा, इंगोलीला कोणती बस जाते?" हे तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणाले, "पळ."

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी मीही मोटारसायकलवर मागे बसून गेले. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "सर, तुमी फक्त येत जा. बसा, सही करा. तुमचे तास आमी सगळे वाटून घेऊ. कोणाचीच ना न्हाई."

यांनी हवा गिळली. "पोरांपुढं," हे म्हणाले. पुन्हा हवा गिळली. "बोलतो. तेच काम."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाऊ द्या त्यांना."

सातवीचा वर्ग होता. मी व्हरांड्यात खिडकीपाशी उभी राहिले. यांनी पहिला शब्द काढला आणि अख्खा वर्ग हसला. पोरंच ती. मास्तरांनी ढेकर दिल्यासारखाच आवाज होता. वाटलं, आत जाऊन सांगावं सगळं. हे मात्र शांत उभे होते. फळ्याकडे वळले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "हसून घ्या. मग शिकू." पोरं आणखी हसली, मग कमी हसली, मग थांबली. यांनी धडा उघडला.

आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा नाही. म्हणून पोरं पुढे सरकून जमिनीवर दाटीवाटीने बसू लागली. ऐकायचं तर गप्प राहायला लागायचं. मुख्याध्यापक मला पुढे सांगायचे, "वहिनी, शाळेतला सगळ्यात शांत वर्ग सरांचा."

पावसाळा गेला, दिवाळीची सुट्टी झाली. सुट्टीनंतर यांच्या मानेला कानाखाली एक गाठ लागली. मी रुमाल बदलताना माझ्याच बोटांना लागली. दुसऱ्याच दिवशी आम्ही नांदेडच्या बसमध्ये होतो.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. या वेळी हे स्वतः बोलले. "किती?"

डॉक्टर म्हणाले, "सर, उन्हाळ्याचं मी सांगू शकत नाही."

"बरं," हे म्हणाले.

तरी शाळेत जात राहिले. मोटारसायकल झेपेना तेव्हा एसटीने गेले. मी एकदाही नको म्हटलं नाही. मनातून फार वाटायचं, की उरलेले दिवस घरात, माझ्याजवळ घालवावेत. पोरांचा मला रागही यायचा. पण सकाळी डबा भरताना हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार असायचे आणि मी झाकण लावून डबा यांच्या हातात द्यायची.

पुढे गिळणं बंद होत गेलं. आधी भाकरी, मग वरण, मग पाणी. हवा गिळता येईना तसा आवाजही गेला. दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी इतक्या कष्टाने मिळवलेला. मी कपाटातून पाटी काढून यांच्या हातात दिली. यांनी ती बाजूला ठेवली आणि माझं मनगट धरलं. शेवटपर्यंत पाटी घेतली नाही. उन्हं तापायला लागली तेव्हा, दुपारच्या वेळी, मुलगी आणि मी जवळ असताना हे गेले.

महिन्याभराने मी नांदेडला गेले. घरी वापरायला दिलेलं कफ ओढायचं मशीन परत करायचं होतं. ते देऊन झाल्यावर मी डॉक्टरांच्या दाराशी थांबले. आत गेल्यावर विचारलं, "ते इतकं बोलले, इतका ताण घेतला, त्यामुळे लवकर झालं का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही. बोलण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, अगदी हळू. मला ते पटतं. कधी कधी नाही पटत.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. वाटेत डोंगरकडा गावाच्या थांब्यावर एक म्हातारी केळ्यांची पिशवी घेऊन चढली आणि माझ्या शेजारी बसली. जरा वेळाने तिने माझ्याकडे वाकून पाहिलं.

"काहून रडून राहिली बाई? कोणी गेलं का?"

मी मान हलवली.

"मालक?"

"व्हय."

"काय करायचे?"

"शिकवायचे," मी म्हटलं. तिने पिशवी पायाशी नीट ठेवली, माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "सांग."