गोड केलेल्या तक्रारी

आमच्या सोसायटीची लिफ्ट रुसली की तक्रार कुणाकडे करायची, हा घोळ मिटावा म्हणून मी मोबाइलवर तक्रारींचं, लिफ्टवाल्या कंपनीलाही दिसेल असं एक पान काढून दिलं. कॉम्प्युटरवाली म्हणून ते काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. लिहिलेलं नंतर बदलता येईल अशी सोयही ठेवली. माणूस आहे, चुकतं.

चौथ्या मजल्यावरच्या काकांना डायलिसिसला न्यावं लागे, त्यामुळे सगळ्यात जास्त तक्रारी काकूंच्या. लिफ्ट सारखीच बंद पडू लागली तेव्हा वॉरंटीत मोटार बदलून द्या म्हणून आम्ही लिफ्टवाल्या कंपनीच्या साहेबांना बोलावलं. त्यांनी आमचंच पान उघडून माझ्यापुढं धरलं. "मॅडम, इथं तर नुसतं कौतुक आहे."

खरंच होतं. 'धन्यवाद भाऊ', 'छान काम केलं', 'देव भलं करो'. लिफ्ट सुरू झाली की काकू आपली तक्रार पुसून तिथंच आभार लिहीत. बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवलेला.

"अगं, ते लिफ्ट दुरुस्त करणारं पोरगं उन्हातान्हाचं पार वाळूजहून येतं," काकू म्हणाल्या. "काम झाल्यावर त्याच्या नावाच्या शिव्या तशाच ठिवायच्या व्हय?"

मी कपाळावर हात मारला आणि त्याच दिवशी बदलायची सोय बंद करून टाकली. लिहिलं ते लिहिलं. आता बघू पुरावा कसा राहत नाही, असा माझा तोरा.

पुरावा राहिलाच नाही, कारण कुणी लिहीनाच. एका दुपारी दोघं शेजारी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवताना दिसले. लिफ्ट आदल्या दिवसापासून बंद होती आणि पानावर एक अक्षर नव्हतं. मी काकूंवर चिडलेच.

"पुसता येत नाय ना आता," त्या म्हणाल्या. "रागात माणूस काय बी लिहितं. त्या पोराची नोकरी गेली तर लई पाप लागंल मला."

मी सोय परत सुरू केली, फक्त जुना मजकूर खाली बारीक अक्षरांत राहील असं केलं. काकूंना दाखवलं.

"म्हंजे राग बी दिसंल आन् आभार बी? मग चालतंय."

कंपनीनं मोटार कबूल केली, पण ती यायच्या आतच लिफ्ट पुन्हा अडकली. काकूंनी लिहिलं, 'लवकर या दादा, यांना दवाखान्यात न्यायचंय.' कुणी येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. काकांना पुन्हा खुर्चीवरूनच नेलं. ते परत आले नाहीत.

तेराव्यानंतर कधीतरी मी ते पान उघडलं आणि मला रडू आवरेना. जुनी ओळ खाली बारीक अक्षरांत होती. तिच्यावर काकूंनी लिहिलं होतं, 'दादा, सावकाश या. आता घाई नाय.'