एररचा तक्ता आणि ईफाचा ग्लोव्ह

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात आरी आली. त्यानंतर लिहिण्याचं काम फारसं पडलं नाही.

शनिवारी दुपारी ईफाने तिचा ग्लोव्ह काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "दुरुस्त करू नका. विकून टाका."

ईफा बारा वर्षांची. आमच्या इथल्या बेसबॉल क्लबात खेळते. मी आयर्लंडमधल्या कॅरिगलाइनला ब्रेंडनच्या बूट-चपला दुरुस्तीच्या दुकानात काम करते. नवरा इथल्याच एका हॉटेलात कुक आहे, त्याच्यामागे मी आले. माझं माहेर कोल्हापूरचं. वडील चपला करायचे, मी त्या चपलांच्या चामडी वेण्या घालायचे. ब्रेंडन पुढे बसतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, किल्ल्या करतो. मी मागे बसते. मला बोलायला आवडत नाही आणि त्याला शिवायला आवडत नाही, त्यामुळे आमचं जमतं.

आयर्लंडमध्ये बेसबॉल खेळणारे थोडे. पण जवळच रिंगास्किडीला औषधांच्या कंपन्या आहेत. तिथे अमेरिकेत राहून आलेले लोक आहेत. त्यांनी हा क्लब काढला. मैदानातलं गवत बारा महिने ओलं, त्यामुळे ग्लोव्ह आमच्याकडे येतात.

बेसबॉलचा ग्लोव्ह म्हणजे एका हातात घालायचा मोठा चामडी पंजा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जाळं असतं, त्याला वेब म्हणतात. सगळा पंजा लांब वादीने ओवलेला असतो. वादी तुटली की बॉल आरपार जातो. मी पहिला ग्लोव्ह चपलेसारखा तेलात मुरवला. आमच्याकडे चपलेला तेल पाजतातच. ग्लोव्ह इतका मऊ झाला की घडी करून खिशात मावला असता. मुलाच्या वडिलांनी तो उचलला, तो लोंबला, आणि ते ब्रेंडनकडे बघत राहिले. ब्रेंडन म्हणाला, "ग्रँड, नाही का?" ग्रँड म्हणजे इथे छान. नवीन ग्लोव्ह आम्हीच दिला. त्यानंतर मी तेल बोटाच्या टोकाने लावते.

सगळे ग्लोव्ह तपकिरी आणि एकसारखे. नावं लिहायला मला वेळ लागतो. म्हणून मी एक वही केली. प्रत्येक मुलाला एक पान. पानावर पंजा काढलेला. जिथली वादी तुटली तिथे एक टिंब.

चार वर्षं हे काम केल्यावर खेळ कळायला लागला. रविवारी मॅच असली की मी कुंपणापाशी उभी राहते. माझी काही मतं आहेत, ती मी कोणाला सांगत नाही. मागच्या वर्षी ज्याला बेस्ट प्लेअरचा कप दिला, तो बॉल पकडताना डोळे मिटतो. त्याच्या ग्लोव्हला फक्त टाचेपाशी, म्हणजे मनगटाकडच्या बाजूला, मार बसलेला असतो. बॉल पकडणाऱ्याच्या ग्लोव्हला तिथे मार नसतो. कप मिळाला कारण तो उंच आहे आणि बॅटने लांब मारतो. कप मिळाल्यावर तो रग्बीला गेला.

तर ईफा. मी विचारलं, "का विकायचा?"

"मी गळकी आहे. शीटमध्ये सगळ्यात जास्त एरर माझ्या आहेत. कॅम्पला वेद जाणार. मी आता कॅमोगीच खेळते." वेद तिच्याच टीममधला मुलगा. कॅमोगी म्हणजे इथल्या मुलींचा काठीने खेळायचा खेळ.

कॅम्पचं असं होतं. उन्हाळ्यात हॉलंडला आठ दिवस शिकवणी होती. तिथे मोठे कोच येतात. क्लबकडे एकच जागा होती. ती अंडर थर्टीनच्या बेस्ट फिल्डरला द्यायची असं कमिटीने ठरवलं होतं. निकाल गुरुवारी होता.

ईफा गेली. ब्रेंडन म्हणाला, "विकायचा तरी दुरुस्त करून विकावा लागेल."

मी ईफाचं पान काढलं. अकरा टिंबं. सगळी वेबच्या वरच्या टोकाला आणि बोटांच्या शेंड्यांना. मग सहज वेदचं पान काढलं. एक टिंब. ते त्यांच्या कुत्र्याने चावल्याचं होतं.

दोघं एकाच जागी खेळतात, आलटूनपालटून. त्या जागेला शॉर्टस्टॉप म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या, मधली जागा. सगळ्यात जास्त बॉल तिथेच येतात. तेच मैदान, तोच पाऊस, तेच बॉल. मी दोन्ही पानं परत परत बघितली.

मंगळवारी मंदार आला. मंदार म्हणजे वेदचे वडील आणि टीमचा मॅनेजर. पुण्याचा. रिंगास्किडीला औषधाच्या प्लँटमध्ये क्वालिटी बघतो. माणूस सज्जन. दुकानात मराठी बोलायला मिळतं म्हणून कधीकधी काम नसतानाही येतो.

"काकू, ईफाचा ग्लोव्ह तुमच्याकडे आहे का? तिची आई शोधतेय."

"आहे, साहेब."

"साहेब नका हो म्हणू."

"बरं साहेब."

तो हसला. मग स्वतःच बोलायला लागला. त्याला कोणाला तरी सांगायचंच होतं. "काकू, फार अवघड झालंय. शीटमध्ये वेद पहिला आलाय. माझाच मुलगा. लोक काय म्हणतील? पण मी निवडलंच नाही ना. म्हणूनच तर शीट केलं. प्रत्येक मॅच, प्रत्येक एरर. वेदच्या तीन आणि ईफाच्या एकोणीस. डेटा आहे. मी काय करू?"

"एरर म्हणजे नक्की काय?" मी विचारलं. ऐकून माहीत होतं, पण नियम माहीत नव्हता.

"बॉल हाताशी आला आणि सुटला, किंवा फेकताना चुकला, की एरर. स्कोअर लिहिणारी बाई त्याच्या नावापुढे इंग्रजी ई लिहिते."

"आणि बॉल हाताला लागलाच नाही तर?"

"मग एरर कशी असेल? तो हिट. समोरच्या टीमचं कौतुक."

मी जाणार होते मागे. पण ब्रेंडनला मराठी येत नसलं तरी माझा चेहरा कळतो. त्याने किल्लीचं मशीन बंद केलं आणि म्हणाला, "सुमन, युअर मॅनला वही दाखव." युअर मॅन म्हणजे इथे 'हा समोरचा माणूस'.

कमिटीच्या माणसाला मी काय सांगणार? तरी वही काउंटरवर ठेवली, दोन्ही पानं उघडून.

"हे काय?"

"हा वेदचा पंजा. हा ईफाचा. टिंब म्हणजे वादी तुटली ती जागा."

"हो का? अरे वा. एकच टिंब. सांभाळून वापरतो पोरगा."

"ते कुत्र्याचं आहे."

"म्हणजे त्याच्या हातून एकही तुटली नाही?"

"नाही. बॉल समोर आला तर तळव्यात बसतो. वादीवर ताण येत नाही. लांबचा बॉल पकडायला झेप घेतली तर तो वेबच्या टोकाला लागतो. मग वादी तुटते. ही बघा ईफाची. सगळी टोकाला."

मंदार वहीवर वाकला. मग हळूच म्हणाला, "आमच्याकडे बॅच बिघडली की डेव्हिएशन, म्हणजे चूक, लिहितात. ज्या ऑपरेटरने बॅचच केली नाही, त्याचं डेव्हिएशन झिरो."

"मग त्याला बक्षीस देता?"

"मागच्या वर्षी दिलं," तो म्हणाला. ब्रेंडनने विचारलं काय झालं. मी सांगितलं. ब्रेंडन इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. मंदार हसला नाही.

"पण काकू, टिंबावरून बक्षीस कसं देऊ? हाही तसा अंदाजच आहे."

"टिंबावरून देऊ नका. मॅचचे व्हिडिओ असतील ना? त्यात बघा. आजवर तुम्ही फक्त सुटलेले बॉल मोजले. गेलेले बॉल बघितले नाहीत."

एवढं लांब वाक्य मी त्या दुकानात पहिल्यांदाच बोलले असेन.

बुधवारी संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी तो परत आला. बरोबर वेद होता. मंदारने लॅपटॉप काखेत धरला होता, पण उघडला नाही.

"सगळे व्हिडिओ बघितले. ईफा डावीकडे झेपावते, उजवीकडे झेपावते, एकदा तर पंचाच्या अंगावर पडली. अर्धे बॉल सुटतात, अर्धे अडतात. ते अडले नसते तर आपण चार मॅच जास्त हरलो असतो."

"आणि वेद?"

"वेद बघतो. फार छान बघतो. बॉल बाजूने जातो आणि हा मान वळवून बघतो."

वेद बुटांच्या पॉलिशचे डबे रचत होता. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीतच देतो. तो डब्यांकडे बघतच म्हणाला, "इफ आय डोन्ट टच इट, इट्स नॉट ॲन एरर."

"हे तुला कोणी शिकवलं?" मंदारने विचारलं.

वेदने खांदे उडवले. "इट्स ऑन द प्रेस."

प्रेस म्हणजे इथे स्वयंपाकघरातलं कपाट. त्या कपाटाच्या दारावर मंदारने एररचा तक्ता लावला होता. दर रविवारी मॅचनंतर तो त्यात लाल पेनाने आकडा भरायचा. नाश्ता करताना समोर तोच तक्ता. मुलगा हुशार. आकडा कमी ठेवायचा सगळ्यात सोपा रस्ता त्याने शोधून काढला होता.

मंदारने लॅपटॉप काउंटरवर ठेवला. मग म्हणाला, "उद्या कमिटीत सांगावं लागेल की शीट चुकलं."

"शीट चुकलं नाही," मी म्हणाले. "विचारलं तेच त्याने सांगितलं."

"काकू, तुम्ही आमच्या ऑडिटला या एकदा."

"नको. मला बोलायला आवडत नाही."

गुरुवारी कमिटी बसली. मी गेले नाही. ब्रेंडन गेला, कारण तिथे सँडविच असतात. त्याने येऊन सांगितलं ते असं. मंदार उभा राहिला, व्हिडिओचे सहा तुकडे दाखवले आणि म्हणाला की मी माझ्या मुलाचं नाव मागे घेतो. चेअरमनबाई म्हणाल्या, "निकालाचा कागद आधीच छापलाय." मंदार म्हणाला, "मी परत छापतो." एका मुलाचे बाबा म्हणाले की एकोणीस एररवाल्या मुलीला बेस्ट फिल्डर म्हटलं तर दुसरे क्लब हसतील. त्यावर स्कोअर लिहिणारी म्हातारी म्हणाली, "दर वेळी ई लिहिताना मला वाटायचं, ही तिथे पोचली तरी कशी?" मग हात वर झाले. ईफा.

शुक्रवारी ईफा ग्लोव्ह न्यायला आली. मी वादी नवीन घातली होती आणि वेबच्या टोकाला एक वेढा जास्त दिला होता. तिने हात घातला, मूठ दोनदा उघडमीट केली.

"विकला नाहीत?"

"गिऱ्हाईक आलं नाही."

"थँक्स अ मिलियन," म्हणाली आणि पळाली. हॉलंडहून परत आली तेव्हा बारावं टिंब पडलं.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

मंदार क्वालिटीचा माणूस. त्याने एररचा तक्ता काढला आणि त्या जागी दुसरा लावला. त्यात नवीन रकाना होता, ग्लोव्हची दुरुस्ती. जो जास्त झेपावतो त्याचा ग्लोव्ह जास्त तुटतो, असं त्याने सगळ्या मुलांना समजावून सांगितलं. वहीबद्दलही सांगितलं. मला विचारलं नव्हतं.

पुढच्या एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात सहा ग्लोव्ह आले. सगळ्यांची वादी वेबच्या टोकालाच तुटलेली. एवढ्या मॅच झाल्याच नव्हत्या.

तुटलेली वादी आधी ताणली जाते. टोकाला बारीक होते, तिचे धागे निघतात. कापलेली वादी शेवटपर्यंत तेवढीच जाड राहते. हे ओळखायला शाळा लागत नाही. सहाही कात्रीने कापलेल्या होत्या. सगळ्यात सरळ काप वेदच्या ग्लोव्हला होता. मोजमाप चोख, बापासारखं.

मी मंदारला बोलावलं आणि सहा तुकडे ओळीने मांडले. त्याला सांगावं लागलं नाही. तो एकेक उचलून टोक बघत गेला.

"मग आता मोजू काय, काकू?"

"मैदानावर उभे राहा आणि बघा. हात खिशात घालून."

"एवढंच?"

"पेन घरी ठेवा."

तक्ता कपाटावरून निघाला. वही मी आता काउंटरखाली ठेवते, कोणालाही दाखवत नाही. मे महिन्यात मंदार दुकानात येऊन म्हणाला, "काकू, वेदच्या सात एरर झाल्या!" पेढे द्यायला आल्यासारखा चेहरा होता. म्हणजे तो अजून मोजतोच आहे, फक्त लिहीत नाही.

या सगळ्यातून मला एवढंच कळलं की तुम्ही जे मोजाल ते मुलं आणून देतात. मोठेही देतात, त्यांची कात्री फक्त दिसत नाही.

ब्रेंडनने सहाही ग्लोव्हचं पूर्ण बिल लावलं. वादी कापलेली असो की तुटलेली, नवीन तेवढीच लागते. वेदचं बिल अठरा युरो झालं. मंदारने ते भरलं आणि वेदला सांगितलं की हे तुझ्या पॉकेटमनीतून फेडायचं, आणि काकूंच्या समोर. तेव्हापासून वेद दर शनिवारी दुकानात यायचा, दोन युरो काउंटरवर ठेवायचा, मी ते डब्यात टाकायचे आणि मंदार आला की त्याला द्यायचे. परवा नववा शनिवार होता. त्याने शेवटचे दोन युरो ठेवले आणि पावती मागितली. मी दिली.