आबांचे डोळे आणि आमचा गेम

"तुमचा तो मेंढरांचा खेळ मला एकदा दाव," आबा म्हणाले, "दिसतंय तवर."

आबा म्हणजे माझ्या मित्राचे वडील. मित्र काविळीनं गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी मीच आबांना शहरातल्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला नेलं होतं आणि दुपारी परत त्यांच्या गावी, करमाडला आणून सोडलं होतं. काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. बाजूला घ्यायची काही गरज नव्हती. आबांचे डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते.

पोराच्या हयातीत या माणसानं आमच्या गेमकडं एकदा मान वळवून पाहिलं नव्हतं. "डब्यात मेंढरं राखून पोट भरतंय व्हय?" एवढंच ते विचारायचे. त्यांनी स्वतः आयुष्यभर खरी मेंढरं राखलेली, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. आता त्यांनीच मागितल्यावर मी "दाखवतो की आबा" म्हणून मोकळा झालो. माझा स्वभावच तसा आहे. आधी हो म्हणायचं आणि मग दिसेल त्याच्यावर चिडत बसायचं.

दाखवायला गेम होता कुठं?

कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघांनी तो शहरातल्या पुंडलिकनगरात, एका भाड्याच्या खोलीत बनवला होता. चित्रं माझी, बाकी सगळं डोकं त्याचं. नाव 'कळप'. करमाडच्या बाजूनं मेंढरं घेऊन निघायचं, ट्रका चुकवत जालना रोड ओलांडायचा आणि पलीकडच्या पाण्यावर कळप पोचवायचा, एवढाच खेळ. पण ती मेंढरं बटणाचं ऐकत नसत. त्यांना त्यांची त्यांची अक्कल होती, आणि त्या अकलेपुढं खेळणारा रडकुंडीला यायचा. शहरातल्या कॉम्प्युटर क्लासमधून सीडीवरून सीडी उतरवत तो सगळीकडं पसरला. आम्हाला त्यातून चहापाणीसुद्धा सुटलं नाही, पण आज चाळिशी ओलांडलेली कितीतरी माणसं मला अजून कळपवाला म्हणूनच ओळखतात.

मित्र गेल्यावर त्याच्या घरच्यांनी त्याचा कॉम्प्युटर माझ्याकडं आणून ठेवला. 'कळप'चा सगळा मूळ प्रोग्राम त्यातच होता. पुढं मी फ्लेक्स छपाईचं दुकान टाकलं तेव्हा तो कॉम्प्युटर एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेतला. आत काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. वाटलं, सीड्या आहेतच की गावभर. गावभरच्या लोकांनाही तसंच वाटलं, आणि कुणीच सीडी जपली नाही. या गोष्टीची मला इतकी लाज वाटते, की बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

दुकानात प्रोजेक्टची पोस्टरं छापायला येणारी इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी म्हणाली, "काका, क्राउडफंडिंग करा. म्हणजे इंटरनेटवरून वर्गणी." तिनंच साइटवर पान करून दिलं. पुण्यातली दोन माणसं गेम पहिल्यापासून बांधून द्यायला तयार होती. त्यांनी सांगितलेला आकडा पानावर टाकला. साइटचा नियम असा, की मुदतीत पूर्ण रक्कम जमली तर मिळणार, नाहीतर ज्याचे त्याला परत. मला नियमाची भीती वाटली नाही. सगळ्या शहरानं खेळलेला गेम, शहर देईल की.

शहरानं आठवणी दिल्या. त्या फुकट होत्या, त्यामुळे भरभरून आल्या. कुणी त्या गेमच्या नादात बारावीला गचकला होता, कुणाला मोठ्या भावानं चपलेनं मारलं होतं. पैसे मात्र चिमणीच्या चोचीनं येत होते. मग मी लाजलज्जा सोडली. सकाळ-संध्याकाळ मेसेज टाकायला लागलो. शाळेच्या ग्रुपनं काढलं, सासरच्या ग्रुपनं काढलं. लग्नात नवरा-नवरीच्या आधी मी लोकांच्या हातात पत्रक द्यायचो. एका दहाव्यालाही मी पत्रकं घेऊन गेलो होतो, हे आता लिहिताना अंगावर काटा येतो. "लोक तुम्हाला बघून गल्ली बदलायला लागलेत," बायको म्हणाली. मी तिच्यावरच ओरडलो. दर पंधरा दिवसांनी आबांना दवाखान्यात न्यायचो तेव्हा ते काही विचारत नसत, पण भाड्याच्या गाडीत बसताना दाराची कडी आधी हातानं चाचपायचे.

अशात अजिंठ्याहून एका दुकानदाराचा फोन आला. त्यांच्याकडं 'कळप'ची सीडी होती. मी दुकान बंद करून मिळेल त्या एसटीनं निघालो. वाटेत पुण्याच्या माणसांना 'आता तुमची गरज नाही' असा मेसेजही पाठवून टाकला. दुकानदारांनी आतून डबी आणली. वर माझ्याच हातानं काढलेलं मेंढरू होतं. माझे डोळे भरून आले. सीडी घातली, तर आत त्यांच्या पुतण्याच्या निकाहचे फोटो.

"डब्बी तो येइच है भाईसाब," ते बिचारे ओशाळले. "बच्चों ने अंदर का बदल दिया होयेंगा." त्यांनी सगळं कपाट उपसलं. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना हातात पाचशेची नोट ठेवली. मी म्हटलं, साइटवर टाका. ते म्हणाले, "वो साइट-बीट मेरे को नक्को बोलो. चंदा हात में देते."

हे एकटे तेच म्हणत नव्हते. आमच्याकडं वर्गणी म्हणजे मागणाऱ्यानं दारात यायचं, देणाऱ्यानं चार शब्द ऐकवायचे, चहा पाजायचा आणि नोट हातात द्यायची. मोबाइलवर बटण दाबून वर्गणी देणं लोकांना कोरडं वाटायचं. मलाही त्यात काही वावगं दिसेना. मी दारोदार फिरून नोटा घ्यायचो आणि घरी आल्यावर एकेकाच्या नावानं माझ्याच कार्डावरून साइटवर भरायचो. आकडा सरकायला लागला. कितीतरी दिवसांनी मला नीट झोप लागली.

मुदत संपायला आठच दिवस राहिले असताना साइटनं पान बंद केलं. एकाच खात्यातून वेगवेगळ्या नावांनी पैसे भरले जात आहेत, म्हणजे मागणाराच स्वतःला देणगी देऊन लोकांना फसवतोय, असा त्यांच्या मशीनचा हिशेब. मी फोन केले, नोटा दिलेल्या माणसांची पत्रं पाठवली. नियम तो नियम. सगळे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यात परत गेले. मी पुन्हा दारोदार निघालो, नोटा परत करायला, तर कुणी घेईना. "दिलेला चंदा परत घेत नसतात," हे उलट मलाच ऐकावं लागलं. माझ्या त्या मेसेजमुळं पुण्याच्या माणसांनीही तोवर दुसरं काम धरलं होतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. त्या दिवशी मी दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं आणि वाढदिवसाच्या एका अर्धवट फ्लेक्सवर बसून मोठ्यानं रडलो.

त्या विद्यार्थिनीला माझी दया आली असावी. पंधरा दिवस खपून तिनं एक छोटा नमुना करून दिला. रस्ता होता, ट्रका होत्या, माझी मेंढरं होती. पण ती शाळेच्या प्रभातफेरीसारखी एका ओळीत चालायची. तिचा काय दोष? तिनं खरा कळप कधी पाहिलेला नव्हता, आणि मला तो शिकवता येत नव्हता. तरी लॅपटॉप घेऊन करमाडला गेलो. आणखी थांबायला वेळ नव्हता.

आबा बाजेवर बसले होते. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी मान डावीकडं केली, उजवीकडं केली, नाक पडद्याला लागेपर्यंत वाकले.

"नुस्तं पांढरं दिसतंय, लेकरा," ते म्हणाले.

मला उशीर झाला होता. मी लॅपटॉप उचलायला वाकलो, तर त्यांनीच विचारलं, "मेंढरं हायेत का त्यात?"

"हायेत."

"पुढं कोण हाय?"

पडद्यावर सगळी सारखीच होती. पण मित्राच्या गेममध्ये कोण पुढं असायचं ते मला आठवत होतं. "शेळी," मी म्हणालो.

"ट्रकाचा हारन वाजला तर पळत्यात?"

"पळत नाहीत. मुंड्या आत घालून एका जागी गोळा होतात."

आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "आन् रस्ता वलांडून गेलेली एखादी मेंढी माघारी फिरती का?"

फिरायची. नेमकी एक, सगळं सुरळीत झाल्यावर, ट्रकांच्या समोर. ती प्रोग्रामातली चूक आहे असं मला कायम वाटत आलं होतं. तिच्यापायी मी मित्राशी महिनाभर भांडलो होतो, आणि तो नुसता "राहू दे" म्हणायचा.

"फिरती, आबा," मी म्हणालो.

"तिचं कोकरू मागं ऱ्हायलं असंल," आबा म्हणाले. "हे शहरातल्याला ठावं नसतंय. मग हे त्यानंच केलंय."

पडद्यावर मेंढरं एका ओळीत रस्ता ओलांडून गेली. एकही माघारी फिरली नाही. आबा लॅपटॉपच्या कडेवरून हात फिरवत होते.

"व्हय आबा," मी म्हणालो, "त्यानंच केलंय."