गौतमीचे केस

हे मी अजून कुणाजवळ बोललो नाही. बहिणीजवळ तर नाहीच — तो सिनेमा तिच्या नवऱ्याचा होता. तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन थोडी वर्षं झाली होती. घरोघरी सीडी प्लेअर आले होते. आमचे भाऊजी वरठीकडे नोकरीला. त्यांच्या मनात आलं, भगवान बुद्धांवर सिनेमा काढायचा. मी लग्नांचं शूटिंग करायचो, म्हणून कॅमेरामन मी. दिग्दर्शक ते — आणि शुद्धोदन राजाही तेच, कारण मुकुट त्यांनी आधीच बनवून घेतला होता.

शूटिंग आमच्या कोंढ्यात, तलावाच्या पाळीवर. सिद्धार्थाच्या गृहत्यागासाठी शहापूरहून घोडा आणला, तो वरातीतला. बँड वाजल्याशिवाय पाऊल टाकेना. बँड बोलावला, तर नाचायला लागला. राजपुत्र राज्य सोडून निघालाय आणि खाली घोडा ठुमकतोय — आणि भाऊजी ओरडले कुणावर? माझ्यावर. घोडा मी शिकवला होता का? यशोधरेच्या घरी धानाची कापणी लागली, ती मधूनच उठून गेली. चिवरांचा रंग पहिल्या धुण्यात उतरला आणि अर्धा भिक्खू संघ गुलाबी झाला. त्यात भाऊजी 'ॲक्शन' दोनदा म्हणायचे आणि 'कट' विसरायचे. त्यामुळेच तर माझं — नाही. भाऊजींवर ढकलत नाही.

घोड्याचं एवढं लांबवतोय, कारण पुढचं सांगायला मन धजत नाही.

सिद्धार्थाला वाढवणाऱ्या महाप्रजापती गौतमीचं काम आमच्या शेजारच्या पंचफुलामावशींकडे होतं. संघात प्रवेश मागायला निघताना गौतमी केस कापते, तो प्रसंग. भाऊजींनी टक्कल दाखवायला डोक्यावर चढवायची रबरी टोपी आणली होती. मावशींचे केस गुडघ्यापर्यंत. त्यांनी टोपी बाजूला ठेवली.

"गौतमीनं खरे कापले, मंग मी खोटे कायले कापू?"

न्हाव्याने कात्री लावली. मावशी रडल्या. भाऊजींनी मुकुट काढून हातात घेतला. कॅमेऱ्याला डोळा लावून मीही रडत होतो.

माझ्या कॅमेऱ्याला बटण एकच. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. घोड्याच्या गोंधळात ते माझ्याकडून एकदा जास्त दाबलं गेलं, आणि पुढे सगळं उलटं झालं. घरी टेप लावून पाहिली. चहा आला होता, घोडा आला होता, भाऊजींच्या शिव्या, माझ्या चपला. केस कापताना — काहीच नाही. त्यानंतर जमीन दिसत होती, आणि एक हात केस गोळा करून पदरात घेत होता.

भाऊजींना म्हणालो, प्रसंग जमला नाही, काढून टाकू. त्यांना मुकुटाचे प्रसंग पुरेसे होते. मावशी मात्र घरी आल्या, डोक्यावरून पदर ओढून.

"काहून बाबू, माह्यं काम नाही जमलं का?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा सांगता आलं नसतं का? निदान टेप तुटली म्हणायचं. पण मग दोष कॅमेरामनचा झाला असता ना — आणि लग्नं तोंडावर आली होती. मी म्हणालो, "मावशी, तुमचं रडणं खोटं दिसून राहिलं होतं."

त्या "असं का" म्हणाल्या आणि गेल्या. त्या टेपवर मी पुढचं लग्न उतरवलं.

बुद्ध पौर्णिमेला विहारात ती सीडी दरवर्षी लागते. गौतमीचा प्रसंग असायला हवा त्या जागी मावशी उठतात. "मी खीर पाहून येतो," म्हणतात. परतून येतात तेव्हा सिनेमा पुढे गेलेला असतो.

यंदा मुलींनी नाटक बसवलं. तालमीत गौतमी झालेली मुलगी रडली — छान रडली. मावशींनी तिला जवळ घेतलं आणि हळूच सांगितलं, "रडू नोको बाई. खोटं दिसते."

मी तिथेच कॅमेऱ्याचा स्टँड लावत होतो. स्क्रू आवळत राहिलो.

मावशींचं रडणं खरं होतं. कॅमेरा बंद होता. तो मी बंद केला होता.