रांगोळीचं कोर्ट

उद्धव पांचाळ आमच्या माडीवर भाड्यानं राहायला आले ते २०१४ च्या जूनमध्ये. देगलूरच्या एका खाजगी शाळेत मराठीचे शिक्षक. उंची सहा फूट, चष्मा जाड, आणि स्वभाव असा की जिन्यात मांजर आडवं आलं तर आधी त्याला जाऊ देतील. बायको सौदामिनी गावातच जिल्हा परिषदेच्या शाळेवर. भाडं पाच तारखेला, पाणी सकाळी सहाला, आवाज नाही. भाडेकरू म्हणून मला त्यांच्याबद्दल चार वर्षं माझ्या वहीत लिहिण्यासारखं काहीच सापडलं नाही.

२०१८ मध्ये त्यांच्या शाळेचे क्रीडाशिक्षक निवृत्त झाले. नवीन पद मंजूर होण्याची आशा नव्हती. संस्थेचे सचिव आदिनाथराव स्टाफरूममध्ये आले, त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "पांचाळ सर, तुम्ही उंच आहात. मुलींचं व्हॉलीबॉल तुमच्याकडं."

उद्धवरावांनी तोवर चेंडूला हात लावला होता तो फक्त वर्गात जप्त करताना.

दुसरा कुणी असता तर मुलींना चेंडू देऊन कडुलिंबाखाली पेपर वाचत बसला असता. आधीच्या सरांनी तेच केलं होतं आणि निरोप समारंभात त्यांना क्रीडामहर्षी म्हटलं गेलं. उद्धवरावांनी मात्र नेटकॅफेतून खेळाच्या नियमांचं पुस्तक छापून आणलं. सगळं इंग्रजी. ते घेऊन ते खाली माझ्याकडे आले.

"काकू, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. एवढं वाचून सांगता का?"

माझं शिक्षण सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटचं खरं, पण तिथल्या सिस्टर आम्हाला घोट्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये थ्रोबॉल खेळवत आणि त्यांचा एकच नियम होता: ओरडायचं नाही. तरी मी हो म्हटलं. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, गेल्यापासून माझ्या सकाळी मोकळ्याच होत्या. ११ जुलै ते २ ऑगस्ट, मध्ये एक एकादशी सोडून, रोज चहाबरोबर मी वाचायची, मराठीत सांगायची आणि ते वहीत उतरवायचे.

एका बाजूला सहा जणी. तीन पुढे, तीन मागे. चेंडू आपल्या बाजूला आला की जास्तीत जास्त तीन स्पर्शांत पलीकडे गेला पाहिजे, आणि एकीला लागोपाठ दोनदा शिवता येणार नाही. जाळीला अंग लागलं की गुण गेला. प्रतिपक्षाकडून सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जणींनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा पुढे सरकायचं, म्हणजे कुणाचीच जागा कायमची नाही. हे ऐकल्यावर उद्धवरावांनी पेन वर उचललं.

"कर्णधारानंही सरकायचं?"

"कर्णधारानंही."

"आमच्या संस्थेत हे कुणी वाचलेलं दिसत नाही," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

त्यांचा सगळ्यात आवडता नियम रेषेचा. रेषा पाच सेंटिमीटर रुंद. चेंडू रेषेवर पडला तर आत धरायचा. पण सर्व्हिस करणारीचा पाय मागच्या रेषेला लागला तर चूक. रेषा एकच, पण चेंडूला क्षमा आणि पायाला नाही, याचं त्यांना फार समाधान वाटलं.

आता रेषा आखायची तर फक्की, म्हणजे चुन्याची भुकटी, हवी. संस्थेच्या कोठीतली फक्की निघायची पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि आदिनाथरावांच्या घरी कार्य असलं तर मांडवासमोर. व्हॉलीबॉलसाठी तीनदा अर्ज केल्यावर अर्धं पोतं ओली फक्की मिळाली, तिचे गोळे झाले होते. तेव्हा शाळेच्या सेविका नागुबाई म्हणाल्या, "सर, एवढ्यासाठी कशाला कुणाच्या दाढीला हात लावून राहिलात? मी घालते की."

नागुबाईंनी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि सोमवारच्या बाजारातली पांढरी रांगोळी चिमटीतून सोडत अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद कोर्ट आखलं. उद्धवरावांनी पट्टी लावून पाहिलं. पाच सेंटिमीटर, कुठंही कमीजास्त नाही. फक्त चारही कोपऱ्यांत एकेक कमळ होतं.

"नागुबाई, नियमात कमळ नाही."

"कोपरा मोकळा सोडू न्हाई, सर. बरं दिसत न्हाई."

कमळं राहिली. पुढची पाच वर्षं, कोरोनात शाळा बंद होती तेवढं सोडून, दर सोमवारी आणि गुरुवारी नागुबाई कोर्ट घालत आणि त्यावर मुली खेळत. दोन वर्षांत तालुक्यात नाव झालं. देगलूरच्या मुली फार जोरात मारत नसत, पण त्यांचा पाय रेषेवर म्हणून पडत नसे. बाहेरचे पंच हे बघून चाट पडायचे. उद्धवराव प्रत्येक सामन्याआधी मुलींना रेषेचा नियम उभं करून वाचून दाखवत, त्याचंच हे फळ असं त्यांना वाटे. मलाही वाटे. माझ्या वहीत तसं लिहिलेलं आहे, आणि त्यात माझ्या भाषांतराचाही एका वाक्यात उल्लेख आहे. त्यापुढच्या वर्षभरात पांचाळ सर म्हणजे चालतंबोलतं नियमाचं पुस्तक अशी ख्याती झाली. मुखेड, बिलोलीकडच्या स्पर्धांत वाद झाला की पंच शिट्टी तोंडातून काढून प्रेक्षकांत बघत, "पांचाळ सर आहेत का?"

२०२३ मध्ये शाळेत मुलं कमी भरली आणि मराठीचे एक शिक्षक अतिरिक्त ठरले. ते उद्धवराव. अतिरिक्त शिक्षकाला जिथं जागा असेल तिथं पाठवतात, आणि जागा होती किनवटला. देगलूर नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला, किनवट त्या टोकाला, जंगलात. सौदामिनीची नोकरी इथं, तिच्या सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, तेही इथंच.

आदिनाथरावांनी बोलावून सांगितलं, "सर, मी वर शब्द टाकतो. पण माझ्या हातात काहीतरी द्या. पोरी जिल्ह्यातून विभागाला गेल्या तर मी लिहीन, क्रीडा सांभाळायला हा माणूस शाळेला अत्यावश्यक आहे. नाही गेल्या तर मी काय लिहू?"

ऑक्टोबरमध्ये जिल्हास्पर्धा नांदेडला होती. जिंकणारा संघ विभागाला लातूरला जाणार. माझी डोळ्याची तपासणी त्याच दिवशी नांदेडला होती, म्हणून मी संघाच्या क्रूझरमध्ये पुढे बसून गेले. मागे दहा मुली, उद्धवराव आणि मुलींबरोबर बाई हवी म्हणून नागुबाई. तपासणी अकराला संपली. अंतिम सामना एकला होता, समोर नांदेडचीच एक मोठी शाळा. डोळ्यांत थेंब घातलेले, पण मला आकडे दिसत होते.

तो बंदिस्त हॉल होता, लाकडी जमीन, तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून रेषा केलेल्या. आमच्या मुलींचे आजवरचे सगळे सामने, सकाळचेही, मातीवर, रांगोळीच्या नाहीतर फक्कीच्या रेषांत झाले होते. पहिल्या सेटमध्ये आमच्या मुलींनी सर्व्हिस करताना पाच वेळा रेषेवर पाय दिला. पाच वर्षांत जे झालं नव्हतं ते वीस मिनिटांत पाच वेळा. सेट १९–२५ असा गेला.

मधल्या वेळेत उद्धवरावांनी नियम वाचायला घेतला. कर्णधार तनुजा, दहावीतली, सगळ्यांत शांत मुलगी, म्हणाली, "सर, नियम पाठ आहे."

"मग पाय का पडतोय?"

तनुजाच म्हणाली, "इथं रांगोळी न्हाई ना, सर. रांगोळीवर पाय द्यायला कसंतरी होतं. ही पट्टी हाय. ध्यानातच राहत न्हाई."

उद्धवरावांचा चेहरा मी त्या थेंब घातलेल्या डोळ्यांनीही पाहिला. पाच वर्षांचं नियमशास्त्र नागुबाईंच्या चिमटीतून पडत होतं हे त्यांना तिथं, सगळ्यांसमोर कळलं. मलाही कळलं; माझ्या भाषांतराचं वाक्य मी नंतर खोडलं.

"ही पट्टी म्हणजे रांगोळीच समजा," ते म्हणाले.

"असं समजून होत असतंय का, सर?"

नागुबाई उठल्या, मागच्या रेषेपाशी गेल्या, पदर सावरून वाकल्या, पट्टीला हात लावून तो कपाळाला लावला आणि परत येऊन बसल्या. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. दुसऱ्या सेटमध्ये एकाही मुलीचा पाय रेषेवर पडला नाही. २५–२१.

तिसरा सेट पंधराचा असतो, दोन गुणांच्या फरकानं जिंकायचा. चौदा–तेरा, आम्ही पुढे, सर्व्हिस तनुजाची. तिनं चेंडू उडवला, मारला, तो जाळी ओलांडून दोघींच्या मधोमध पडला. पंचांनी शिट्टी दिली आणि हात आमच्याकडे केला. आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

पलीकडचे प्रशिक्षक धावत आले. "पाय होता. रेषेवर पाय होता."

रेषेचे पंच म्हणून जे गुरुजी कोपऱ्यात उभे होते ते मोबाईलवर बोलत होते. मुख्य पंचांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी छताकडे पाहिलं. मग मुख्य पंचांनी जे सगळ्या जिल्ह्यात करतात तेच केलं. आमच्या बाकाकडे वळून विचारलं, "पांचाळ सर, तुम्ही तिथंच होता. काय होतं?"

पलीकडचे प्रशिक्षक म्हणाले, "अहो, त्यांचीच टीम हाय ती."

"म्हणून काय झालं? सर हायेत ते."

नियमाप्रमाणे पंचाशी बोलायचा हक्क फक्त कर्णधाराला असतो. प्रशिक्षकानं गप्प बसायचं. हा नियम मी स्वतः त्यांना २४ जुलैला वाचून दाखवला होता. गप्प बसणं त्या दिवशी नियमानंच भाग होतं; कुणी नाव ठेवलं नसतं. उद्धवरावांनी आयुष्यात एकच नियम मोडला, तो तेव्हा.

"पाय रेषेवर होता," ते म्हणाले. "अंगठा. पाच सेंटिमीटरच्या आतला."

चौदा–चौदा. मग चौदा–पंधरा. मग चौदा–सोळा.

टाळ्या खूप पडल्या. पंचांनी हात मिळवला, पलीकडच्या प्रशिक्षकांनी पाठीवर थाप मारली. पण टाळ्यांचा रकाना अतिरिक्त शिक्षकांच्या यादीत नसतो.

परतताना क्रूझर नायगावला थांबली. तिथं चहा घेताना तनुजा म्हणाली, "सर, तुम्ही न्हाई म्हणला असता तर?"

"तर आपण जिंकलो असतो."

"मग?"

"मग तुला कधीतरी मला विचारावंसं वाटलं असतं, सर, तुम्हाला दिसला होता का. तेव्हा काय सांगितलं असतं?"

"मी न्हाई विचारलं असतं."

"हां," उद्धवराव म्हणाले. "ते जास्त वाईट."

नागुबाई बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, "किनवटला मच्छर लई हायेत म्हणं."

आदेश डिसेंबरात आला. निरोपाला आदिनाथरावांनी नारळ, शाल दिली आणि भाषणात सांगितलं की असा प्रामाणिक शिक्षक देगलूरनं आपल्याजवळ अडवून ठेवणं हा स्वार्थ ठरेल, किनवटला अशा माणसाची जास्त गरज आहे.

"मग सायबांनीबी जावं की सोबत," नागुबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, पण ते माईकपर्यंत गेलं नाही.

ठरलं असं की सासूबाई सौदामिनीजवळ राहतील आणि उद्धवराव पंधरा दिवसांनी एकदा येतील. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी वर गेले. सौदामिनी बॅगेत कपडे भरत होती, जरा जोरातच. ती आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलली होती. उद्धवराव नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी फोनवर बोलून नुकतेच आत आले होते.

"राहायची सोय विचारली का?" तिनं विचारलं.

"राहिलं विचारायचं."

"जेवणाची?"

"तीही."

"मग एवढा वेळ बोललात काय?"

"मैदान आहे का विचारलं. आहे म्हणाले. झुडपं आहेत, काढावी लागतील." त्यांनी चष्मा पुसला. "अठरा बाय नऊ बसतंय."

सौदामिनीनं हातातला शर्ट खाली ठेवला. मग उठून कपाटातून त्यांचे मैदानावरचे जुने बूट काढले, ते वर्तमानपत्रात गुंडाळले आणि बॅगेत सगळ्यांत वर ठेवले.