गंजक्या खिळ्यांचा पहिला अल्बम

नॉर्मा गॉल्टचा बाप वेस्ली प्रोटेस्टंटांच्या जुलैच्या मिरवणुकीत मोठा ढोल वाजवायचा. वाजवता वाजवता त्याच्या मनगटांची सालं निघायची, ढोलाच्या कातड्यावर रक्त उडायचं, आणि कॅथलिकांची वस्ती जवळ आली की त्याला आणखी चेव यायचा. "त्यांच्या खिडक्यांची तावदानं हादरली पाहिजेत," म्हणायचा. बेलफास्टमधल्या शँकिल रोडच्या मागे त्यांचं घर. थोरल्या भावाला, लौरीला, ताल कधी जमलाच नाही, नॉर्माला मात्र एका हिवाळ्यात आला. बाप ते चारचौघांत बोलून दाखवायचा आणि लौरी खाली मान घालून बूट बघत बसायचा.

विशीत आलेली नॉर्मा बेकरीत पाव भरायची. केस तिनंच कात्रीनं भादरलेले, कानात सेफ्टी पिन. ऑगस्टा प्रेंटर नावाच्या विधवा बाईच्या रेकॉर्डच्या दुकानाखाली तळघर होतं. तिथं तिला फिंटन मॅगेनिस भेटला. तो फॉल्स रोडचा, म्हणजे पक्का कॅथलिक. तिथं कुणी कुणाचा पंथ विचारत नसे. पंकवाल्यांच्या रिवाजानं थुंकायचे मात्र सगळ्यांवर सारखेच. फिंटन गिटार बडवत गायचा, बेसवर ऑइन टोल, ड्रमवर नॉर्मा. बँडचं नाव ठेवलं 'गंजके खिळे'.

त्यांचा पहिला अल्बम काढायचं प्रेंटरबाईनं मनावर घेतलं. पहिल्या दिवशी स्टुडिओत अर्ध्याहून अधिक गाणी रेकॉर्ड झाली. संध्याकाळी, उजेड असतानाच, तिघं सामान उचलून निघाले. तपासणी नाक्यावर सैनिकांनी ड्रमची खोकी उघडून पाहिली आणि सोडून दिलं. पुढच्याच वळणावर लौरी उभा होता. सोबत दोन दोस्त, एकाच्या हातात लोखंडी गज.

"हाच का तुझा पोपवाला?" लौरी म्हणाला.

"हा आमचा गायक आहे. वाट सोड."

"गातो होय? मग गाऊ दे की."

गज थेट फिंटनच्या तोंडावर बसला. फिंटन गुडघ्यांवर आला, दात रस्त्यावर सांडले. मग लौरी आणि त्याच्या दोस्तांनी मिळून त्याला लाथांनी तुडवलं. टोल मधे पडला, तर त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. नॉर्माच्या हातात झांजेचा लोखंडी स्टँड होता. तिनं तो दोन्ही हातांनी फिरवला. लौरीच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला. तो पडला. तिनं पुन्हा मारलं. तो "नॉर्मा, नको" म्हणाला, तरी मारलं. टोल तिला मागं खेचत होता तेवढ्यात लौरीच्या दोस्तानं तिच्या डाव्या हातावर बूट दाबून फिरवला. दोन बोटं मोडली.

हॉस्पिटलात सगळे एकाच व्हरांड्यात. वेस्ली आला, मुलाकडे बघितलं.

"कुणी मारलं रे?"

"फॉल्सच्या पोरांनी," लौरी भिंतीकडे बघत म्हणाला.

"मी मारलं," नॉर्मा म्हणाली.

नर्सच्या देखत बापानं तिच्या थोबाडीत ठेवून दिली. "घराकडे फिरकू नकोस."

ती प्रेंटरबाईच्या माळ्यावर राहायला गेली. तीन आठवड्यांनी उरलेली गाणी करायला सगळे जमले. फिंटनचा जबडा तारेनं बांधलेला.

"तू ओरड," तो दातांतून म्हणाला.

"मला गाता येत नाही."

"मला तरी कुठं येत होतं?"

मोडक्या बोटांना काठी पट्टीनं बांधून ती बसली. वाजवत वाजवत ओरडली. शेवटच्या गाण्यात पट्टी ओली झाली.

"थांब, रक्त येतंय," काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"टेप चालू ठेव!"

गाण्याचे शब्द ती विसरली होती. तोंडाला येईल ते ओरडत राहिली.

अल्बम दुकानात आला त्याच आठवड्यात कुणीतरी पेट्रोलची पेटती बाटली दुकानाच्या काचेतून आत टाकली. निम्म्या रेकॉर्डी वितळून एकमेकींना चिकटल्या, प्रेंटरबाईचे हात कोपरापर्यंत भाजले. उरलेल्या तिनं रस्त्यावर टेबल टाकून विकल्या, बँडेज बांधलेल्या हातांनी. बँड मात्र वर्षभरही टिकला नाही. फिंटन ग्लासगोला मावशीकडे गेला, टोल बोटीवर चढला. नॉर्मा बेकरीची गाडी चालवू लागली.

लौरीनं पुढं एका दारूच्या गुत्त्यात माणूस भोसकला. माणूस मेला. नॉर्मानं ते पेपरात वाचलं. बरेच महिने ती गेली नाही, मग एका रविवारी तुरुंगात भेटायला गेली. लौरी जाड झाला होता.

"इथं एकाकडे तुझी रेकॉर्ड आहे," तो म्हणाला. "काय ओरडतेस, काही कळत नाही."

"न कळू दे."

"शेवटच्या गाण्यात माझं नाव घेतेस ना?"

"घेते."

"शिवी म्हणून?"

"तेव्हा हो," ती म्हणाली.

लौरी टेबलावर बोटं आपटत बसला, तालाबाहेर. तिनं त्याला तसंच आपटू दिलं. पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं, पुढच्या रविवारी येशील का. त्या रविवारी ती गेली.